वाचता न येणारे मूल आणि आपली शाळा

इ. स. १८९६ च्या नोव्हेंबर महिन्यात ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. मुलगा तरतरीत, खेळात इतर मुलांच्या बरोबरीचा, डोळ्यांनी धडधाकट होता. सात वर्षांचा असल्यापासून त्याला वाचन शिकविण्याचे प्रयत्न चालू होते. तथापि चौदाव्या वर्षीही छोटे छोटे शब्द तो मोठ्या कष्टानेच वाचू शके. स्वतःचे नाव लिहितानादेखील तो अक्षरांची अदलाबदल करी व ती त्याच्या लक्षात येत नसे. मात्र त्याला गणिते आवडत. गुणाकाराचे मोठे उदाहरण त्याने झटपट व अचूक सोडवून दाखविले. सर्व शिक्षण तोंडी असते तर हाच मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गन यांनी नमूद केले आहे.

त्या शिक्षकाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्या काळी या दोषाविषयी कोणालाही फारसे ठाऊक नव्हते. तरीही मुलाला वाचता येत नाही म्हणून त्याला बुद्धी नाही, असा निष्कर्ष त्याने काढला नाही. आज या दोषाला डिस्लेक्सिया म्हणतात, त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, भारताच्या कायद्यात त्याची नोंद झाली आहे. असे असूनही आपल्या शाळांतून अशा मुलाच्या वाट्याला कोणती नावे येतात? ढ. आळशी. कामचुकार. "डोके आहे पण लक्ष नाही." प्रगतिपुस्तकावरचा हा शेवटचा शेरा तर शिक्षक व पालक दोघांनाही समाधान देऊन जातो, कारण त्यायोगे सर्व दोष मुलाच्या माथी जातो.

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी अलीकडे पुष्कळ बोलले जाते व ते योग्यच आहे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा ७.३ मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. २०२२ या एका वर्षात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे. अशा मृत्यूंमागे अनेक कारणे गुंतलेली असतात. त्यांपैकी एकावरच बोट ठेवणे चुकीचे होईल. परंतु मानसिक आरोग्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुपदेशकाची खोली उभी राहते, आणि वर्गातील रोजचा तास मात्र आपण विचारात घेत नाही. म्हणून या लेखात आपण वाचनदोष असलेल्या मुलाचेच उदाहरण घेणार आहोत. मुलाच्या मनाला जखम कशी होते आणि तिच्यापैकी किती टाळता येण्याजोगी असते, हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसते.

हा दोष नेमका कशात आहे?

पुष्कळांची अशी समजूत असते की डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे. वस्तुतः दोष डोळ्यांत नसतो. बोललेला शब्द ज्या लहान लहान ध्वनींचा बनलेला असतो, ते ध्वनी सुटे करणे, त्यांची अक्षरांशी सांगड घालणे आणि ही सांगड विनासायास व वेगाने आठवणे, हे काम अशा मुलाच्या मेंदूला अवघड जाते. बुद्धिमत्तेशी याचा संबंध नाही. हा दोष बहुधा घराण्यात चालत येतो. मुलाची तपासणी चालू असताना वडिलांना स्वतःचे शाळेतले दिवस आठवावेत, असेही घडते. निरनिराळ्या पाहण्यांतील अंदाज शेकडा पाचपासून पंधरापर्यंत जातात. अगदी खालचा अंदाज धरला तरी चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले असणार.

देवनागरी लिपीविषयी येथे थोडे विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, म्हणून मराठी वाचण्यात अडचण येणार नाही असे आपण धरून चालतो. हे काही अंशी खरे आहे. एकाच अक्षराचे चार उच्चार असा इंग्रजीतला घोळ मराठीत फारसा नाही. परंतु मराठीच्या स्वतःच्या अडचणी आहेत. "किती" या शब्दातील पहिली वेलांटी कागदावर "क" च्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. "सूर्य" मधील रफार "य" च्या डोक्यावर बसतो, पण बोलताना "र" आधी येतो. "ज्ञ" आणि "क्ष" यांत मूळ अक्षरे ओळखूच येत नाहीत. बाराखडी पाठ म्हणणारे मूल मजकुरात काना आणि मात्रा गाळते, "भ" व "म", "घ" व "ध" यांची गल्लत करते, जोडाक्षर आले की थांबते किंवा अंदाजाने भलताच शब्द म्हणते. शुद्धलेखनाच्या वहीत तोच शब्द एका पानावर तीन प्रकारांनी लिहिलेला आढळतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळीच मुले करतात, त्यावरून काही ठरवू नये. पण दुसरी-तिसरीत पोहोचलेले, बोलण्यात चलाख असलेले मूल वाचताना एकेक अक्षर लावीत बसत असेल, तर त्याकडे लक्ष दिलेच पाहिजे.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे नोकरीनिमित्त इंदूर, वडोदरा, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी स्थायिक झाली आहेत. घरात मराठी, अंगणात हिंदी किंवा गुजराती, शाळेत इंग्रजी अशी या घरांतील मुलांची स्थिती असते. तेथे दोन्ही बाजूंनी चूक होण्याचा संभव आहे. मूल केवळ शाळेची भाषा नवी असल्यामुळे अडखळत असेल तर त्याला डिस्लेक्सिया ठरविणे अन्यायाचे होईल. उलट, "तीन भाषांमुळे गोंधळतोय, होईल ठीक" असे म्हणत चार वर्षे वाया घालविणेही तितकेच घातक आहे. जी भाषा मूल उत्तम बोलते त्याच भाषेत त्याला शब्दांतील ध्वनी ओळखता येतात का, यमके जुळविता येतात का, ओळखीची अक्षरे जोडता येतात का, हे पाहावे. खरा वाचनदोष मातृभाषेतही डोकावतो. मानेसर येथील राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्राने २०१५ साली हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांतून तपासणी करता येईल अशी चाचणी तयार केली. मूल्यमापन कोणत्या भाषेत होणार, असे तपासणाऱ्यास विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

वर्गात त्या मुलाचे काय होते?

धडा वाचावयाचा तास सुरू होतो. शिक्षक पहिल्या बाकापासून एकेका मुलास एकेक परिच्छेद वाचायला सांगतात. ज्याला वाचता येत नाही ते मूल धडा ऐकतच नसते. पुढे किती मुले आहेत आणि आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार, हे ते मोजत असते. तो परिच्छेद मनात पुन्हा पुन्हा जुळवून पाहते. भीतीने घशाला कोरड पडते. पाळी येते, दोन ओळींत चार ठिकाणी अडते, मागून कोणीतरी हसते. शिक्षक रागावतात किंवा दया येऊन "बस खाली" म्हणतात. वर्गातील इतर मुलांपुढे त्या मुलाला दोन्ही सारखेच बोचते.

हे आठवड्यातून एकदा नव्हे, दिवसातून चारदा घडते. मग मूल उपाय शोधू लागते. वही घरी विसरते. पाळी जवळ आली की पाणी पिण्याची परवानगी मागते. रविवारी संध्याकाळी त्याच्या पोटात दुखू लागते, आणि ते दुखणे खोटे नसते. काही मुले वर्गाचा विदूषक होतात, कारण ढ म्हणून हसू होण्यापेक्षा खोडकर म्हणून हसू होणे बरे. काही मुले मारामारी करतात. मुली बहुधा गप्प होतात. गप्प मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिची तपासणी मुलांपेक्षा उशिरा होते किंवा होतच नाही. आणि या सर्वाचा वाचनावरही परिणाम होतो. मनात भीती असली की आधीच अपुरी पडणारी तात्पुरती स्मरणशक्ती त्या भीतीतच खर्च होते. ओळीच्या अखेरीस पोहोचेपर्यंत आरंभीचा शब्द निसटतो. काल घरी आईजवळ वाचलेला परिच्छेद आज वर्गात येत नाही. आई म्हणते, येत होते. शिक्षक म्हणतात, येत नाही. दोघेही खरेच बोलत असतात.

या प्रकाराची शाळेबाहेरची एक जागा आपल्या वाचकांच्या परिचयाची आहे. कौटुंबिक उपासनेत किंवा संडे स्कूलमध्ये आपण वर्तुळात बसून आळीपाळीने एकेक वचन वाचतो. जुन्या भाषांतरातील लांबलचक संस्कृत शब्द आणि विशेषनामे मोठ्यांनाही अडखळवितात. ज्या मुलाला शाळेत सहा दिवस हे सोसावे लागते, त्याला सातव्या दिवशीही तेच सोसावयास लावण्याचे काहीच प्रयोजन नाही. त्याला वचन ऐकवून पाठ करू द्यावे, किंवा ऐकलेली गोष्ट सांगू द्यावी. पुष्कळदा अशा मुलाची ऐकून लक्षात ठेवण्याची हातोटी पाहून आपण चकित होऊ.

उदासपणा आठवडेच्या आठवडे राहणे, आवडता खेळ सोडणे, झोप किंवा भूक बिघडणे, "मी नसतो तर बरे झाले असते" असे शब्द तोंडातून निघणे, या गोष्टी अभ्यासाच्या तक्रारीहून वेगळ्या आहेत. त्या ऐकून रागावू नये व हसण्यावारीही नेऊ नये. मरणाचा विचार मनात येतो का, असे शांतपणे स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. मुलाला एकटे न सोडता लवकरात लवकर डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य बोलता येते. संकटातील बालकांसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

शिक्षकांच्या हाती काय आहे?

पुष्कळ काही, आणि त्यातील बहुतेकाला पैसा लागत नाही. ज्याला वाचणे जड जाते त्याला वर्गासमोर प्रकट वाचन करण्यास त्याच्या इच्छेविरुद्ध सांगू नये. त्याने वाचावे असे वाटत असेल तर कोणता परिच्छेद द्यावयाचा ते आदल्या दिवशी एकांतात सांगावे, म्हणजे तो घरून तयारी करून येईल. फळ्यावरचे उतरवून घेण्यास त्याला दुप्पट वेळ लागतो. शेजाऱ्याची वही नेऊ द्यावी किंवा टिपणाची एक प्रत द्यावी. विज्ञान किंवा इतिहासाचे उत्तर तोंडी विचारून पाहावे. शाबासकी द्यावयाची ती नेमक्या गोष्टीसाठी द्यावी. "तू हुशार आहेस" हे अशा मुलाला खोटे वाटते, पण "नकाशातील नद्या तू एकट्याने बरोबर दाखविल्यास" हे त्याला नाकारता येत नाही.

येथे एक आक्षेप हमखास निघतो: अशी सवलत म्हणजे इतर मुलांवर अन्याय नव्हे काय? शिक्षक सभांतून हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आपण काय तपासतो? १८५७ च्या उठावाची कारणे मुलाला समजली आहेत की नाहीत, की "उठाव" मधला उकार ऱ्हस्व आहे की दीर्घ? पहिली गोष्ट तपासावयाची असेल, तर दुसरीसाठी गुण कापल्याने इतर मुलांचा काहीही लाभ होत नाही. केवळ तपासणी सदोष होते. भाषेच्या पेपरात लेखनाला गुण असावेत, आणि तेथे या मुलाला कमी मिळतील, हे ते स्वतःही जाणून असते.

राहिला प्रश्न तुकड्यांचा. हुशारांची "अ" तुकडी आणि उरलेल्यांची "ड" तुकडी ही प्रथा अनेक शाळांतून पिढ्यान्पिढ्या चालत आली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभर लागू होणारे निर्देश दिले. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत व विद्यार्थ्यांचा चारचौघांत अपमान करू नये, असा त्यांचा एक भाग आहे. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात आहे. त्याआधी शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने २००९ मध्येच शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली होती. छडी बहुतेक ठिकाणी गेली. टोमणे मात्र राहिले आहेत.

मिशनच्या शाळांविषयी येथे थोडे स्पष्ट लिहावेसे वाटते. शेकडा शंभर निकालाचा फलक प्रवेशद्वारी लावता यावा म्हणून नववीतील अशक्त विद्यार्थ्याच्या पालकांना दाखला काढून नेण्याचा सल्ला देण्याची रीत काही शाळांत, आपल्याही शाळांत, आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यातील एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता समाविष्ट आहे. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभावाविना सामावून घ्यावे, आणि ही अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून उपाय योजावेत, असे त्याचे १६ वे कलम सांगते. तेव्हा असा "सल्ला" देणे हे निष्ठुर तर आहेच, शिवाय ते कायद्याच्याही विरुद्ध जाते. केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी अंध मुलींसाठी सदन चालविले तेव्हा असा कोणताही कायदा नव्हता.

दाखला घ्यावा की घेऊ नये?

प्रथम डोळे व कान तपासून घ्यावेत. त्यानंतर शासकीय किंवा शासनमान्य रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मुलाच्या बुद्धिमत्तेची व वाचन, लेखन, गणित यांची चाचणी घेतात. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत आठव्या वर्षानंतरच प्रमाणपत्र देण्याची, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद होती. परंतु मदत सुरू करण्यास प्रमाणपत्राची वाट पाहण्याची गरज नाही. पहिली-दुसरीत केलेली मदत सर्वांत उपयोगी पडते. मदत म्हणजे औषध नव्हे. स्मरणशक्तीची सरबते, रंगीत चष्मे यांवर पैसे घालवू नयेत. ध्वनी, अक्षर, शब्द अशा क्रमाने, आठवड्यातून काही तास, एकेकट्याला किंवा लहान गटात दिलेले उपचारात्मक अध्यापन हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो महिन्यांचा नसून वर्षांचा आहे.

परीक्षा मंडळे जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट अशा सवलती देतात. महाराष्ट्रात त्या १९९६ पासून मिळू लागल्या. प्रत्येक मंडळाचे नियम वेगळे असल्याने आठवी-नववीतच चौकशी करावी. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करून काही हाती लागत नाही. भाषेची सूट घेताना परप्रांतातील मराठी कुटुंबांनी थोडा विचार करावा. शाळेत मराठी हा विषय मिळत असला, तर सोडावयाची भाषा बहुधा तीच निवडली जाते. परीक्षेच्या दृष्टीने ते शहाणपणाचेही असेल. पण त्या मुलाशी आजी-आजोबा ज्या भाषेत बोलतात तिचे घरातले स्थान मग अधिक जपले पाहिजे. गोष्टी वाचून दाखवाव्यात, गीते म्हणावीत, आणि त्याच्याकडून लेखी काहीही मागू नये.

दाखल्याने मुलावर शिक्का बसेल, मुलीच्या लग्नात अडचण येईल, अशी भीती आईवडिलांना वाटते. ती समजण्यासारखी आहे. मात्र शिक्का आधीच बसलेला असतो. वर्गातील मुलांनी तो केव्हाच मारलेला असतो, आणि त्यावरचा शब्द दाखल्यातील शब्दाहून फार वाईट असतो. काही पालक दाखला घेतात, पण मुलापासून तो दडवितात. तसे करू नये. आठ-दहा वर्षांच्या मुलालाही साध्या भाषेत सांगता येते की तुझ्या मेंदूला अक्षरे जुळवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, यात तुझी चूक नाही, आणि यासाठी शिकवण्याची वेगळी रीत आहे. त्यावर मूल बहुधा एवढेच विचारते, "मग मी ढ नाही ना?" तपासणीच्या अहवालात बुद्धिमत्तेच्या चाचणीचा निष्कर्ष लिहिलेला असतो. तो कागद त्याच्यापुढे ठेवून ती ओळ त्याला वाचून दाखवावी.